परतलेली गाठ तपासायला हवी



  परिषदेच्या अध्यक्षाने वर्षभराच्या प्रगतीचा आढावा घ्यावा असा आपला परिपाठ आहे. तो मी थोडक्यात उरकणार आहे, कारण एक गोष्ट बोलायची फार वर्षे राहून गेली आहे.

ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाचा आढावा खरोखरच थोडक्यात होतो. शस्त्रक्रिया, मग सहा आठवड्यांत ३० फ्रॅक्शनमध्ये ६० ग्रे रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइड हे औषध, हा शिरस्ता स्टुप यांच्या २००५ सालच्या चाचणीने घालून दिला. नुसत्या रेडिएशनवर निम्मे रुग्ण १२.१ महिने काढत होते, ते १४.६ महिन्यांपर्यंत गेले. दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण दहा टक्क्यांवरून सव्वीस टक्क्यांवर आले. त्यानंतर लिनॅक बदलले, एमआरआय बदलले, प्रोटॉन आले. आपल्या बहुतेक रुग्णांचा कागद मात्र आजही तोच आहे.

सकाळच्या सत्रात गाठीभोवतीचा मार्जिन दीड सेंटिमीटर असावा की दोन, यावर तावातावाने वाद झाला. मार्जिनचेच म्हणाल, तर न्यूरोसर्जन वॉल्टर डँडी यांनी १९२८ साली अशाच गाठींसाठी मेंदूचा अख्खा उजवा गोलार्ध काढल्याचे प्रसिद्ध केले होते, आणि त्यानेही रोग हटला नाही. गाठीच्या ठिकाणी डोस वाढवून पाहा म्हणणाऱ्यांना २००४ साली उत्तर मिळाले. नेहमीच्या उपचाराआधी रेडिओसर्जरीची जोड देऊनही आयुष्य वाढले नाही. रोग बहुधा पहिल्या जागेपासून दोन सेंटिमीटरच्या आतच परततो. म्हणजे आपण ६० ग्रे दिलेल्या जागेतच काही पेशी तग धरून राहतात. आपले नेम मिलिमीटरमध्ये अचूक आहेत, पण ते एमआरआयच्या चित्रावर धरलेले आहेत. या पेशींवर नव्हे.

त्या पेशी कोण आहेत, याचा माग थोडाफार लागला आहे. २००६ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातून निबंध आला. सीडी१३३ हे चिन्ह अंगावर असलेल्या पेशी किरणांनी तुटलेला डीएनए झपाट्याने सांधतात, आणि रेडिएशननंतर त्यांचे प्रमाण वाढते. २०१५ साली आपल्या खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातून आलेले काम तर मला त्याहून मोलाचे वाटते. मारक डोसातून वाचलेल्या पेशी एकमेकींत मिसळतात, अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी होतात, काही काळ विभाजन थांबवतात आणि पुन्हा वाढीला लागतात. हे काम आपल्या दारात झाले. आपल्यापैकी कितीजणांनी ते वाचले?

आता नेम धरण्याच्या नव्या साधनांकडे येतो. किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार होते. त्याचे बीटा कण ऊतीत जेमतेम दोन मिलिमीटर जातात. अल्फा कणांची धाव मिलिमीटरच्या दशांशाहूनही कमी. बोरॉनवर न्यूट्रॉन सोडायची कल्पना लोचर यांनी १९३६ सालीच मांडली होती. त्यात निघणारे कण दहा मायक्रॉनच्या आत, म्हणजे साधारण एका पेशीतच थांबतात. भौतिकशास्त्राने आपले काम केले आहे. हा किरण कोणत्या पेशीपर्यंत न्यायचा, ते सांगणे आपले काम आहे, आणि ते आपण पहिल्या ऑपरेशनच्या तुकड्यावरून सांगतो. तो तुकडा किती फसवतो पाहा. गाठीच्या पेशींवरच्या ईजीएफआर-व्ही-थ्री या खुणेवर नेम धरणाऱ्या लशीच्या मोठ्या चाचणीचे निकाल २०१७ साली आले. लस फोल ठरली. परतलेल्या गाठी ज्यांच्या तपासता आल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांत ती खूणच उरली नव्हती, आणि हे लस न घेतलेल्यांतही घडले होते. मग वर्षापूर्वीच्या तुकड्यावरून उद्याचा नेम कसा धरायचा?

माझी तक्रार इथे आहे. गाठ परतली की आपण एमआरआय पाहतो, ‘रिकरन्स’ लिहितो आणि पुढच्या औषधाकडे वळतो. पुन्हा ऑपरेशन झालेच तर तुकडा फॉर्मालिनमध्ये जातो आणि रिपोर्ट एका ओळीचा येतो. परतलेल्या गाठींचे तुकडे ताजे असतानाच गोठवून ठेवावेत, असा प्रस्ताव मी एका समितीपुढे ठेवला होता. “यात नवीन काय?” असा शेरा मारून तो परत आला. त्याच बैठकीत एका यंत्राला मंजुरी मिळाली. मला त्याचा राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

पुन्हा ऑपरेशन झालेच नाही, तर उरते ती मृत्यूनंतरची तपासणी. मेंदू तपासू द्या असे आपल्याकडे कोणी मागूच शकत नाही, नातेवाईक अंगावर येतील, असे माझे सहकारी ठामपणे सांगतात. मी मागितले आहे. बार्शीकडचा एक शेतकरी होता. लाईट, म्हणजे रेडिएशन, घेऊन झाल्यावर वर्षभर बरा चालला, मग बोलणे गेले. तो गेला त्या दुपारी वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी त्याच्या थोरल्या भावाशेजारी बसलो आणि सरळ विचारले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “साहेब, माती तर व्हायचीच आहे. बघा तुम्ही. फक्त अंधार पडायच्या आत सोडा, गावाकडं माणसं थांबल्यात.” उठताना त्याने विचारले, “का परत आलं, ते कळंल का?” त्यानंतरही मी अनेकांना विचारले. काहींनी नकार दिला, पण अंगावर कोणी आले नाही. लोक देत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी आधी विचारून पाहावे.

आज संध्याकाळच्या सभेत मी ठराव मांडणार आहे. परतलेल्या प्रत्येक गाठीचे ऑपरेशन झाले, तर संमतीने एक तुकडा उणे ८० अंशांवर ठेवला जावा. संमतीपत्र साध्या मराठीत असावे. न्यूरोसर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे. फ्रीझर कुठे ठेवायचे, वीज गेली तर काय, खर्च कोणाचा, हे बसून ठरवू. मृत्यूनंतरच्या तपासणीसाठी वेगळा गट लागेल. त्यात ज्यांना यायचे आहे, त्यांनी सभेपूर्वी मला भेटावे.