फर्मा कुणाच्या घरी आहे?

(सायखेडा येथे गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गोदावरी चढली की आपल्या सायखेड्याची काय अवस्था होते, हे २०१६ आणि २०१९ च्या पुरात आपण पाहिलं. अशा वेळी अडचणीतल्या बाईला गटापर्यंत पोचायला वाट नसते. एरवीही कितीजणींना असते म्हणा! म्हणून आपण वेबसाइट केली. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ चा कायदा काय सांगतो, संरक्षण अधिकारी कोण असतो, अर्ज कसा करायचा, हे सगळं तिच्यावर आहे. शिवाय प्रत्येक पानावर 'लगेच बाहेर' असं लाल बटण आहे. कुणी खोलीत आलं की ते दाबायचं, म्हणजे आपलं पान जाऊन हवामानाचं पान येतं.

हे बटण लहान फोनवर मेनूच्या पट्टीखाली झाकलं जात होतं. मोठ्या फोनवर दिसायचं, आणि आम्हा कार्यकर्त्यांकडे मोठेच फोन! एका बाईने बैठकीत सांगितलं, तेव्हा कळलं. नवरा दारात, बटण सापडेना, शेवटी तिने फोन पिठाच्या डब्यात टाकला. सगळ्या हसल्या. ती हसली नाही.

आजचा विषय 'प्रीप्रोसेसर कोणता घ्यावा' हा आहे, आणि तो या बटणाशीच जोडलेला आहे.

पानाचे रंग, आकार, काय कुठे बसायचं हे ब्राउझरला सीएसएस या भाषेत सांगावं लागतं. तिची पहिली आवृत्ती १९९६ ची. पूर्वी तिच्यात एकच लाल रंग चाळीस ठिकाणी हवा असेल तर चाळीस वेळा लिहावा लागे. प्रीप्रोसेसर हे कष्ट वाचवतो. रंगाला नाव देऊन तो एकदाच लिहायचा. त्यावरून पूर्ण सीएसएस ते साधन तयार करतं. शिवणवर्गातल्या मैत्रिणींना लगेच कळेल: आपण लिहितो तो कागदी फर्मा, आणि तयार होते ती सीएसएस म्हणजे शिवलेला ब्लाउज. ब्राउझरला फक्त ब्लाउज कळतो.

आमच्याकडे फक्त ब्लाउज होता. वेबसाइट करून देणारा मुलगा भला होता, पैसेही घेतले नाहीत. पण मूळ फाइली त्याच्या लॅपटॉपवर. आमच्याकडची सीएसएस एकाच लांबलचक ओळीत दाबून बसवलेली. तरी मी तीत बटणाची ओळ शोधली आणि दुरुस्त केली. दोन महिन्यांनी त्याने रंग बदलून, फर्म्यावरून नवी सीएसएस काढून पाठवली. आम्ही ती चढवली, माझी दुरुस्ती पुसली गेली, बटण पुन्हा झाकलं गेलं. पुढे त्याला बंगळूरला नोकरी लागली, लॅपटॉप बदलला, फर्मा गेला.

नव्याने करायचं ठरलं तेव्हा तीन नावं समोर होती: २००६ चा सॅस, २००९ चा लेस, २०१० चा स्टायलस. स्टायलसमध्ये कंस, अर्धविराम काहीही गाळता येतं. शिकणारीला ते सोपं वाटतं, पण चूक शोधताना घाम फुटतो. लेस थेट ब्राउझरमध्येही चालतो, मात्र त्याचं ओझं वाचणारीच्या स्वस्त फोनवर पडतं. माझं मत सॅसला, त्यातही एससीएसएस या लेखनपद्धतीला. साधी सीएसएस तिच्यात जशीच्या तशी चालते, त्यामुळे नवी मुलगी पहिल्या दिवशी हरवत नाही. सॅसची कल्पना हॅम्प्टन कॅटलिन यांची, पण ती भाषा सुरुवातीपासून घडवली नताली वाइझेनबाऊम या बाईने. संगणक हे पोरांचं काम म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

सॅस घेतानाही जपून. रुबी भाषेतला जुना सॅस मार्च २०१९ मध्ये थांबला. लिबसॅस २०२० मध्ये कालबाह्य जाहीर झाला. त्यावरचा नोड-सॅस आज नव्या संगणकावर बसवताना रडवतो. चालू आहे तो डार्ट सॅस. जुनी शिकवणी पाहून कुणी दुसरा बसवू नका.

आणि मुळात हवा का, हेही विचारा. रंगांना नावं देण्याची सोय २०१७ पर्यंत सगळ्या प्रमुख ब्राउझरांत सीएसएसमध्येच आली. नियमात नियम लिहिण्याची सोय २०२३ मध्ये आली, पण जुन्या फोनना ती कळत नाही. आमची पानं नऊ. आम्ही प्रीप्रोसेसर घेतलाच नाही. एका साध्या फाइलीत वर रंगांची नावं आणि ओळींमधलं अंतर लिहिलं. देवनागरीला वर रफार-वेलांटी, खाली उकार. इंग्रजीच्या मापाने ओळी ठेवल्या तर त्या एकमेकींवर चढतात. अक्षरांत अंतर मात्र टाकायचं नाही, शिरोरेषा तुटते. प्रत्येक नियमाशेजारी मराठीत टीप आहे. माझी बारावीतली भाची ती वाचून बटण हलवू शकली. मी शेजारी बसले होते, हात लावला नाही.

ज्यांची वेबसाइट मोठी, पानं शेकड्याने आहेत, त्यांनी सॅस खुशाल घ्यावा. तिथे आमची साधी फाइल पुरायची नाही. फक्त फर्म्याची प्रत गटाकडे असू द्या, आणि सीएसएस कशी काढायची ते रजिस्टरमध्ये लिहून ठेवा. ब्लाउजवर परस्पर टाका घालू नका. मी घातला, त्याचं काय झालं ते सांगितलंच.

दुपारी आपण फाइल उघडून पाहणार आहोत. ज्यांचे फोन लहान आणि जुने, त्यांनी पुढे बसा. आणि आत्ताच चार्जिंगला लावा, वीज कधी जाईल सांगता येत नाही.