ज्ञानाची परतफेड : अच्युत गोडबोले

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त हेब्बाळ, बंगळुरू येथे झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



हेब्बाळच्या उड्डाणपुलावर सकाळ-संध्याकाळ वाहनांची जी रांग लागते, तिच्यातील कितीजण संगणक-उद्योगाच्या वाटेवर असतात, हे या सभागृहाला सांगावयास नको. हेब्बाळ मूळचे तलावाकाठचे जुने गाव. येथे आठव्या शतकातील कन्नड वीरगळ सापडला आहे. अशा भूमीवर आज अनेक मराठी कुटुंबे सुखाने नांदतात. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि कचेरीत इंग्रजी, असा त्यांचा दिवस असतो. मात्र मराठी शाळेतून आलेल्या पुष्कळांच्या मनात एक प्रश्न कायम असतो. त्या शाळेने आपल्याला मागे तर ठेवले नाही ना? आणि त्या भाषेचे आता करावयाचे काय? या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात शोधता येते. त्यांचे नाव अच्युत गोडबोले.

गोडबोले यांचे बालपण सोलापुरात गेले. सोलापूर हे गिरण्यांचे आणि हातमागाचे गाव. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा तेथील रस्त्यांवर एकत्र वावरतात. हरिभाई देवकरण प्रशालेत त्यांचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. गणिताची विलक्षण ओढ, त्याच्या जोडीला साहित्य आणि शास्त्रीय संगीताचे संस्कार, अशी शिदोरी घेऊन हा विद्यार्थी मुंबईस, पवईच्या आय.आय.टी.त दाखल झाला.

तेथे पहिला धक्का बसला तो विषयांचा नव्हे, इंग्रजीचा. आजूबाजूला सफाईदार इंग्रजी बोलणारी, परदेशी लेखकांवर आणि चित्रपटांवर सहज गप्पा मारणारी मुले होती. गणितात अव्वल असणाऱ्याला तोंड उघडण्याचा संकोच वाटू लागला. हा न्यूनगंड त्यांनी पुढे ‘मुसाफिर’ या आत्मचरित्रात मोकळेपणाने मांडला आहे. त्यांनी इंग्रजी जिद्दीने आत्मसात केली, विविध विषयांचे वाचन वाढवले आणि १९७२ साली रसायन अभियांत्रिकीची पदवी मिळवली.

या टप्प्यावर नोकरी किंवा परदेश, हे दोन्ही मार्ग खुले होते. गोडबोले मात्र गेले शहाद्याला. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील या भागात भिल्ल आदिवासींच्या जमिनी सावकारांच्या आणि बड्या जमीनदारांच्या घशात गेल्या होत्या. त्या परत मिळाव्यात आणि मजुरीला न्याय्य दर मिळावा, यासाठी तेथे चळवळ उभी राहिली होती. पवईचा हा पदवीधर त्या चळवळीत राहिला आणि त्यापायी त्याने काही दिवस तुरुंगवासही पत्करला. तो काळ दीर्घ नव्हता. पण शिकलेल्या माणसाचे ज्ञान कोणाच्या उपयोगी पडते, हा प्रश्न तेथे त्यांच्यासमोर उभा राहिला, असे त्यांचे पुढील आयुष्य पाहता म्हणता येते.

त्यानंतर बेकारीचेही दिवस आले, आणि मग ते संगणकाच्या क्षेत्रात शिरले. हे क्षेत्र तेव्हा भारतात नुकते आकार घेत होते. ज्या पटणी कॉम्प्युटर्समधून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९८१ साली पुण्यात इन्फोसिस स्थापन केली आणि १९८३ साली ती बंगळुरूस आणली, त्या पटणीत गोडबोले यांनीही उच्च पद भूषवले. पटणी, सिंटेल, एल अँड टी इन्फोटेक अशा कंपन्यांच्या सर्वोच्च वर्तुळात वावरत त्यांनी या उद्योगात सुमारे ३२ वर्षे काढली.

या यशाच्या काळातच घरात एक वेगळी परीक्षा चालू होती. त्यांचा मुलगा स्वमग्न आहे. मोठमोठे प्रकल्प मार्गी लावणाऱ्या माणसाला येथे तयार उत्तर सापडणारे नव्हते. पतिपत्नींनी तो प्रवास धीराने केला आणि गोडबोले यांनी तो लपवून न ठेवता लिहिला. ज्या काळात अशा मुलांविषयी घराघरांत मौन पाळले जाई, त्या काळात एका यशस्वी माणसाने हे उघड बोलणे, हा अनेक पालकांना मोठा आधार होता.

लेखनाचा आरंभ इंग्रजीतील पाठ्यपुस्तकांनी झाला. ‘ऑपरेटिंग सिस्टिम्स’, ‘डेटा कम्युनिकेशन्स अँड नेटवर्क्स’ ही त्यांची पुस्तके अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहेत. तेवढ्यावर थांबले असते, तरी त्यांचे नाव राहिले असते. पण अधिकारपदे बाजूस सारून त्यांनी पूर्ण वेळ मराठी लेखनाला दिला. उद्योगविश्वावर ‘बोर्डरूम’, विज्ञानावर ‘किमयागार’, अर्थशास्त्रावर ‘अर्थात’, मानसशास्त्रावर ‘मनात’, गणितावर ‘गणिती’, रागसंगीतावर ‘नादवेध’, पाश्चात्त्य चित्रकलेवर ‘कॅनव्हास’ अशी ग्रंथांची रांगच लागली. त्यांच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. यांतील बरीचशी पुस्तके सहलेखकांसमवेत लिहिलेली आहेत. सुलभा पिशवीकर, अतुल कहाते, माधवी ठाकूरदेसाई, दीपा देशमुख यांची नावे मुखपृष्ठावर बरोबरीने झळकतात, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्यांची पद्धत साधी आहे. सिद्धान्ताच्या आधी माणूस येतो. त्याचे बालपण, दारिद्र्य, हट्ट, भांडणे आणि चुका वाचता वाचता वाचक नकळत त्याच्या शोधापर्यंत पोहोचतो. रूढ झालेला इंग्रजी शब्द ते बिनदिक्कत वापरतात. शुद्धतेच्या आग्रही वाचकाला हे खटकते. शिवाय ही पुस्तके म्हणजे मूळ संशोधन नव्हे, इतरांच्या ज्ञानाचे संकलन आहे, असाही आक्षेप घेतला जातो. तो खराच आहे. पण ज्या वाचकाला मूळ ग्रंथांपर्यंत पोहोचण्याची वाटच नव्हती, त्याच्यासाठी हे संकलन म्हणजे पहिले दार आहे. तालुक्याच्या वाचनालयात बसून जो मुलगा केन्स किंवा फ्रॉइड प्रथमच आपल्या भाषेत वाचतो, त्याला पवईच्या वसतिगृहातील तो संकोच थोडा तरी कमी वाटेल.

पालकहो, या चरित्रातून सोयीस्कर दिलासा घेऊ नये. मराठीत शिकले की सारे आपोआप होते, असे ते सांगत नाही. इंग्रजीसाठी गोडबोले यांना कष्टच उपसावे लागले. पण अडसर मराठीचा नव्हता, लाजेचा होता. मराठीत पक्के झालेले गणित कोठेही कमी पडले नाही, आणि इंग्रजीतून मिळालेले ज्ञान अखेर मराठीतच परत आले.

शाळेचे ऋण फेडण्याचा मार्ग देणगीच्या पावतीपाशी संपत नाही. हेब्बाळच्या कचेऱ्यांत रोज जे काम चालते, ते गावाकडच्या नववीतल्या मुलीला समजेल अशा मराठीत कोणी चार पाने लिहून सांगितले, तर त्या शाळेच्या फळ्यावर गिरवलेल्या अक्षरांचे सार्थक होईल. या शाळेची पहिली ६० वर्षे गुरुजनांनी घडवली. पुढचे काम माजी विद्यार्थ्यांच्या हाती आहे.