जेरुसलेमच्या वेशीवरचे अल-ऐझरिया



जेरुसलेमचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. पण त्या शहराच्या वेशीवरच्या अल-ऐझरिया या पॅलेस्टिनी उपनगराचे नाव फार थोड्यांच्या कानावर आले असेल. आपल्या ख्रिस्ती बांधवांना मात्र ते निराळ्या नावाने चांगले ठाऊक आहे. बायबलातील बेथानी ते हेच. मार्था, मरिया आणि त्यांचा भाऊ लाजर यांचे गाव. मेलेल्या लाजराला येशूने कबरीतून हाक मारून बाहेर बोलावले, ती कथा इथली. चौथ्या शतकाच्या अखेरीस इगेरिया नावाची यात्रेकरू बाई पश्चिमेकडून इतक्या लांब आली. तिने या जागेला ‘लाजरियम’ म्हटले आहे. पुढे अरबी जिभेवर त्याचेच अल-ऐझरिया झाले.

ऑलिव्ह पर्वताच्या पूर्वेच्या उतारावर हे गाव वसले आहे. जुन्या जेरुसलेमपासून अंतर तीन किलोमीटर, म्हणजे आपल्याकडे शाळकरी पोर दप्तर घेऊन चालत जाते तेवढे! लाजराची म्हणून दाखवतात ती कबर रस्त्याच्या कडेलाच आहे. दार अगदी साधे. आत दगडात खोदलेल्या उंचसखल पायऱ्या खाली उतरतात. आणि गंमत पाहा, शेजारीच मशीद आहे, तीही लाजराच्याच नावाची. मुसलमानही या जागेला मान देतात. कबरीकडे जाण्याची जुनी वाट मशिदीच्या बाजूने होती. ती यात्रेकरूंना बंद झाली, तेव्हा सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन साधूंनी रस्त्याकडून हे दुसरे दार खोदून घेतले. जवळचे त्यांचे चर्च अलीकडचे. बार्लुझी या इटालियन वास्तुशिल्पज्ञाने बांधलेले ते चर्च 1955 मध्ये पुरे झाले.

आता उपनगर म्हणजे काय? ज्याचा बाजार, दवाखाना, नोकरी, कॉलेज सारे शेजारच्या शहरात, ते उपनगर. अल-ऐझरिया तसेच होते. 1967 च्या युद्धात इस्रायलने हा सारा भाग जॉर्डनकडून घेतला आणि जेरुसलेमच्या नगरपालिकेची हद्द वाढवली. ती रेघ अल-ऐझरिया व त्याला लागून असलेले अबू दिस यांच्या अलीकडेच थांबली. कागदावर गाव बाहेर राहिले. पण माणसे आपली रोज जात-येत राहिली.

खरी ताटातूट भिंतीने केली. 2002 मध्ये इस्रायलने अडथळा उभारण्यास सुरुवात केली. शहरांत होणारे आत्मघातकी हल्ले थांबवण्यासाठी हे करावे लागते, असे त्या सरकारचे म्हणणे. हल्ले झाले होते, माणसे मेली होती, हे खोटे नव्हे. पण भिंत जिथून काढली ती जागा पाहा. 2004 पासून अबू दिसच्या भर वस्तीत आठ मीटर उंचीचे काँक्रीट उभे राहिले, म्हणजे जवळजवळ अडीच मजले. त्याच वर्षी 9 जुलैला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने व्याप्त प्रदेशातील ही भिंत बेकायदा असल्याचे मत दिले. भिंत तशीच आहे. जेरुसलेमला जाणारा रस्ता आता त्या काँक्रीटला जाऊन टेकतो. वळसा पूर्वेकडून, आणि वाटेत तपासणी नाका.

शिवाय वळसा घेऊनही सर्वांना जाता येते असे नाही बरं का. ओळखपत्र निळे असेल तर माणूस जेरुसलेमचा रहिवासी. हिरवे असेल तर त्याला परवाना हवा. आता एकाच घरात बायकोचे निळे आणि नवऱ्याचे हिरवे असले तर? ती नवऱ्याच्या घरी अल-ऐझरियात राहायला गेली तर शहरातला रहिवासाचा हक्क गमावण्याची भीती. शहरात राहावे, तर त्याला परवानगी नाही. आमच्या वर्गात हे सांगितले तेव्हा एका मुलाने विचारले, “मग सर, ते राहतात कुठे?” प्रश्न अगदी बरोबर होता. ऑलिव्ह पर्वतावर मकासद आणि ऑगस्टा व्हिक्टोरिया ही दोन मोठी इस्पितळे आहेत. दुसऱ्यात कर्करोगावर उपचार होतात. गावाच्याच डोंगरावरचे इस्पितळ, पण हिरव्या कार्डाच्या रोग्याला आधी परवान्याचा अर्ज करावा लागतो.

शिक्षकमित्रांनो, मोठ्या प्रमाणाचा नकाशा मिळाला तर मुलांकडून दोरा लावून हे अंतर मोजून घ्या. एकदा सरळ, एकदा वळशाने.

अबू दिसमध्ये अल-कुद्स विद्यापीठ आहे. 2003 मध्ये भिंत त्याच्या क्रीडांगणावरून जायची होती. विद्यार्थी मैदानावर ठाण मांडून बसले, तिथेच खेळले, तिथेच तास झाले. अखेर रेषा सरकवावी लागली. त्याच गावात पॅलेस्टाईनच्या संसदेसाठी बांधायला घेतलेली इमारत मात्र अर्धवट पडून आहे.

गाव मेले असे मात्र समजू नका. जेरुसलेममधून जाण्याची वाट बंद, म्हणून रामल्ला ते बेथलेहेम अशी पॅलेस्टिनी वाहतूक आता अल-ऐझरियातूनच जाते. पुढे वादी नार, म्हणजे ‘अग्नीची दरी’, तिचा वळणावळणांचा घाट. रस्त्यावर गाड्यांची ही गर्दी, आणि दुकानेही त्याच रस्त्याला. पूर्वेला यरीहोचा पुरातन मार्ग समुद्रसपाटीच्याही खाली उतरतो. चोरांनी लुटलेल्या वाटसरूला परक्या शोमरोनी माणसाने उचलून नेले, ती बायबलातली कथा याच वाटेवरची.

या पूर्व बाजूलाच 1975 मध्ये मआले अदुमिम ही इस्रायली वसाहत सुरू झाली. ती वसाहत आणि जेरुसलेम यांच्यामधल्या मोकळ्या डोंगरावर सुमारे 3,400 घरे बांधण्याच्या योजनेला ऑगस्ट 2025 मध्ये इस्रायलने मंजुरी दिली. पश्चिमेला भिंत आहेच. ही घरे उभी राहिली की अल-ऐझरियाला उत्तरेकडे, रामल्लाकडे जायला आजचा रस्ता उरेल का, हा त्या गावातल्या लोकांपुढचा आजचा प्रश्न आहे.