लेकीचे शिक्षण आणि घराचे नाव
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आमच्यासारख्या जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या प्राथमिक शिक्षकास या व्यासपीठावर उभे करण्यात मंडळाच्या चिटणीसांनी आपला लोभ दाखविला, हे आम्ही जाणून आहो. विषय निवडण्याची मोकळीक त्यांनी आम्हांस दिली. तेव्हा ज्या एका परदेशी बाईंच्या चरित्राने गेले वर्षभर आमच्या मनात घर केले आहे, त्यांचीच हकीकत आपणांस सांगावी असे ठरविले. त्यांचे नाव एलीन कस्ट. ब्रिटन आणि आयर्लंड या देशांतील पहिल्या स्त्री पशुवैद्य त्या ह्याच.

एलीनबाईंचा जन्म १८६८ साली आयर्लंडमधील टिपरेरी परगण्यात झाला. घराणे मोठे खानदानी. वडील सर लिओपोल्ड कस्ट हे सरदार घराण्यातील. एलीन दहा वर्षांची असतानाच ते वारले. आई पुढे व्हिक्टोरिया राणीच्या खास सेवेत असे. अशा घरच्या मुलीने घोड्यावर रपेट करावी, पियानो वाजवावा आणि योग्य स्थळ आले म्हणजे लग्न करावे, एवढीच अपेक्षा. परंतु या मुलीचा ओढा लहानपणापासून घोडी, कुत्री, गुरे यांच्याकडे. प्रथम तिने लंडनच्या इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास आरंभ केला, पण मन रमेना. अखेर १८९४ साली एडिंबरो येथील विल्यम विल्यम्स यांच्या पशुवैद्यक महाविद्यालयात तिने नाव घातले.

नाव घातले खरे, पण कोणते? कस्ट नव्हे, तर 'कस्टन्स'. आपल्या शिक्षणापायी घराण्यास खाली पाहावे लागू नये, म्हणून तिने आपले आडनाव बदलून घेतले. श्रोतेहो, ज्या मुलीला घरचे लोक कुलाची अप्रतिष्ठा करणारी म्हणत होते, तिने पहिले पाऊल टाकताना काळजी वाहिली ती कुलाच्याच प्रतिष्ठेची!

अभ्यासात ती हुशार निघाली. प्राणिशास्त्रात तिने सुवर्णपदक मिळविले. मात्र १८९७ साली परीक्षेस बसण्याची वेळ आली, तेव्हा पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजने तिला मज्जाव केला. कॉलेजच्या नियमांत 'विद्यार्थी' असा शब्द होता, आणि विद्यार्थी म्हणजे पुरुष, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. १८८१ च्या कायद्याने त्या कॉलेजच्या पदवीवाचून कोणास पशुवैद्य म्हणवून घेता येत नसे. तिने स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने सांगितले की, या कॉलेजचे ठिकाण स्कॉटलंडात नाही, सबब हा दावा आमच्यापुढे चालणार नाही. लंडनला जाऊन दावा लावता आला असता, पण तसे तिने केले नाही. राणीच्या राजवाड्यात आईचा वावर, आणि त्याच शहरात लेकीचा खटला वर्तमानपत्रांतून गाजावा, हे तिला रुचले नसावे, असा आमचा तर्क आहे.

१९०० साली तिने शिक्षण पुरे केले. हाती पदवी नव्हती. गुरुजींचे एक शिफारसपत्र तेवढे होते. आम्ही जन्मभर शाळा केली, म्हणून सांगतो, शिष्याच्या पाठीशी असे उभे राहणे सर्वच गुरुजींना साधत नाही. त्या पत्रावर आयर्लंडातील रॉसकॉमन परगण्यात अ‍ॅथलीग या गावी विल्यम बर्न नावाच्या पशुवैद्याने तिला साहाय्यक म्हणून घेतले. शेतकऱ्यांनी पदवी पाहिली नाही, गुण पाहिला. अडलेली गाय सुटली, लंगडा घोडा चालू लागला, म्हणजे शेतकऱ्यास आणखी काय हवे? पुढे गॉलवे परगण्याच्या मंडळाने तिला पशुवैद्यकीय निरीक्षकाच्या जागेसाठी निवडले. रॉयल कॉलेजने पुन्हा हरकत घेतली. मंडळ मात्र हटेना. शेवटी काम तेच, फक्त हुद्द्यातील 'पशुवैद्यकीय' हा शब्द गाळावा, अशी तडजोड निघाली. १९१० साली बर्न वारले आणि त्यांचा सारा व्यवसाय बाईंनी पुढे चालविला.

१९१५ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, बाई फ्रान्समध्ये अ‍ॅबव्हिलकडे गेल्या व लष्कराच्या जखमी आणि आजारी घोड्यांच्या शुश्रूषेस लागल्या. १९१९ साली ब्रिटनमध्ये कायदा झाला की, केवळ स्त्री म्हणून कोणास व्यवसायाची बंदी करता येणार नाही. त्यानंतर डिसेंबर १९२२ मध्ये त्याच रॉयल कॉलेजने त्यांस पदवी दिली. त्या वेळी त्यांचे वय ५४ वर्षांचे होते. दोनच वर्षांनी त्यांनी व्यवसाय विकला व त्या इंग्लंडात राहू लागल्या. १९३७ साली जमेका बेटात त्यांचे देहावसान झाले. आणि ज्या कॉलेजने पंचवीस वर्षे दार लावून घेतले, त्याच कॉलेजला त्यांनी मृत्युपत्राने संशोधनाच्या शिष्यवृत्तीसाठी द्रव्य ठेवले!

आता आपण म्हणाल, मास्तर, या दूरदेशच्या बाईंचे आपल्या मंडळात काय प्रयोजन? तर ते सांगण्यासाठी आम्हांस आमचाच एक अपराध आपणांपुढे मांडावा लागेल.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या बहिणीची मुलगी बारावीस उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. तिला पशुवैद्यक शिकावयाचे होते. मेहुण्यांनी आम्हांस पत्र लिहून विचारले, 'आपण शिक्षक आहात, आपला सल्ला काय?' आम्ही उलट टपाली लिहिले की, गुरांच्या मागे चिखलशेणात फिरणाऱ्या मुलीस ज्ञातीत स्थळ मिळणार नाही. घराच्या नावाचाही विचार करावा. झाले. मुलीने साधी पदवी घेतली, लग्न झाले, संसार चांगला चालला आहे. आम्ही ते पत्र विसरूनही गेलो.

गेल्या श्रावणात गावी आमची गाय अडली. रात्रीचे साडेदहा, पाऊस धो धो पडत होता. सरकारी दवाखान्यात फोन केला. तासाभरात रेनकोट घातलेल्या, पंचविशी नुकती ओलांडलेल्या डॉक्टरबाई स्कूटरवरून आल्या. वासराचे डोके व एक पाय पुढे आला होता, दुसरा पाय मागे मुडपलेला. बाईंनी हात खांद्यापर्यंत धुतला, वासरू हळूच मागे लोटले, खूर तळहातात झाकून घेतला, म्हणजे गाईस आतून इजा होऊ नये, आणि पाय सरळ करून पुढे आणला. मग दोरी लावून गाईच्या कळेबरोबर आमच्याकडून ओढविले. वासरू जिवंत निघाले. आम्ही बॅटरी धरून उभे होतो. हात कापत होता.

चहा घेताना आमच्या पत्नीने विचारपूस केली. बाईंना सहा महिन्यांचे बाळ होते. ते सासूबाईंपाशी ठेवून त्या आल्या होत्या. 'सासूबाईच म्हणाल्या, तू जा, मुके जनावर आहे,' एवढेच त्या बोलल्या.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. एलीन कस्टने घराण्यासाठी आपले नाव लपविले, न्यायालयाची पायरी पुन्हा चढली नाही. पण घराण्याने तिच्यासाठी काय केले? एक पालक विडरिंग्टन सोडले, तर तिच्या पाठीशी कोणी उभे राहिले नाही. उलट आमच्या खेड्यातील एक सासू, जिला कदाचित सहीपुरतेच लिहिता येत असेल, तिने घर म्हणजे काय ते दाखवून दिले. मुलीने घरासाठी झिजावे हे आपण सारेच सांगतो. घरानेही मुलीसाठी थोडे झिजावे, हे सांगण्यास आपली जीभ का अडखळते?

दुसऱ्या दिवशी आम्ही भाचीला फोन केला आणि त्या जुन्या पत्राबद्दल क्षमा मागितली. ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, 'मामा, त्या वेळी तुम्ही नुसते गप्प राहिला असतात, तरी बाबांनी मला पाठविले असते.' तिच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

ज्या १८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्याच साली मुंबईस परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. तरी भारतात पहिली स्त्री पशुवैद्य होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. त्या मद्रासच्या महाविद्यालयातून पदवीधर झालेल्या सक्कूबाई रामचंद्रन. मध्ये ६६ वर्षे गेली. पुढे मुंबईच्याच महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. अमृता पटेल १९९८ साली राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाच्या अध्यक्षा झाल्या. तेव्हा कर्तृत्व मुलींत कमी होते असे नाही. ती ६६ वर्षे कोणी अडविली? कायद्याने थोडी, आणि आमच्यासारख्या शहाण्यांच्या सल्ल्याने पुष्कळ.

म्हणून आमची दोन मागणी आहेत. मंडळाच्या शिक्षणनिधीत आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ती भर घालीत आहो. ज्ञातीतील जी कन्या पशुवैद्यकास जाईल, तिच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकांसाठी ती रक्कम खर्चावी. दुसरे मागणे येथे बसलेल्या मामा, काका, आजोबांकडे. उद्या आपल्या घरची लेक काही निराळे शिकू म्हणेल आणि आपला सल्ला विचारला जाईल. उत्तेजन देता आले तर अवश्य द्यावे. ते जमत नसेल, तर निदान गप्प राहावे. आमच्यासारखे पत्र लिहू नये.