धाडसाच्या आधी दोर



सुरुवातीला आपण सगळे दोन मिनिटं उभे राहिलो, ते पुलगावच्या माणसांसाठी. 31 मे 2016 रोजी मध्यरात्रीनंतर तिथल्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. स्फोट झाले आणि आगरगावसारख्या शेजारच्या गावांतली माणसं रात्रीच घरं सोडून निघाली. मृतांमध्ये दोन लष्करी अधिकारी होते आणि बरेचसे अग्निशमन कर्मचारी. गावं आगीपासून दूर पळत होती, तेव्हा हे आगीकडे जात होते. अशी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना निवडायचं कसं, शिकवायचं काय आणि टिकवायचं कसं, एवढ्याच प्रश्नावर मी आज बोलणार आहे.

नेवासा तालुक्यातलं वाकडी आपल्याला आठवत असेल. एप्रिल 2024 मध्ये बायोगॅसच्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, मग तिसरा. पाच जण गेले. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. त्या विहिरीच्या काठावर माया होती, हिंमत होती. कमी होता तो एक माणूस, जो म्हणाला असता, ‘थांबा, आत हवा नाही, आधी दोर आणा.’ भावाला बुडताना पाहून काठावर थांबणं हे उडी मारण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. बचावाच्या कामासाठी माणूस निवडताना मी सगळ्यात आधी हेच पाहतो. दंड-बैठका नंतर.

कॅनडाच्या सैन्यात शोध-बचाव तंत्रज्ञ हा स्वतंत्र पेशा आहे. सैन्यात आधीपासून काम करणारेच त्यासाठी अर्ज करतात. त्यांना थंडी, थकवा आणि अपुरी झोप यांत कित्येक दिवस पारखतात, आणि त्यातून उरतील त्यांनाच शिकवतात. पॅराशूट, पाण्याखालचं काम, कडा उतरणं, रानात तग धरणं आणि जखमीवर उपचार, असं सुमारे वर्षभर. ऑक्टोबर 1991 मध्ये याच सैन्याचं एक हर्क्युलिस विमान उत्तर ध्रुवाजवळच्या अलर्ट तळापाशी कोसळलं. विमानात 18 जण होते. वादळामुळे मदत पोहोचायला तीस तासांहून अधिक वेळ लागला. शेवटी अंधारात, बर्फाच्या वादळात या तंत्रज्ञांनी उड्या घेतल्या आणि 13 जण वाचले. ती उडी बेभान नव्हती. वारा मर्यादेपलीकडे आहे हे ठाऊक असलेल्या, आणि जमिनीवर पोहोचताच कुणाला आधी हात लावायचा हे पाठ असलेल्या माणसांची ती उडी होती.

हे परदेशाचं कौतुक म्हणून सांगत नाही. वर्ध्यात बसून हे सांगताना मला गांधीजींचीही आठवण होते. सेवाग्रामला येण्याच्या कितीतरी आधी, 1899 मध्ये, त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धात सुमारे 1100 हिंदी माणसांचं रुग्णवाहक पथक उभं केलं. भावनेच्या भरात ते रणांगणावर धावले नाहीत. आधी डॉक्टर बूथ यांच्याकडे शुश्रूषा शिकले, कामासाठी शरीर योग्य असल्याचे दाखले घेतले, मगच डोली खांद्यावर घेतली. मग जखमींना घेऊन दिवसाला वीस-पंचवीस मैल चालले. सेवा म्हणजे नुसती कळकळ, असं मानणाऱ्यांनी त्या दाखल्यांचा विचार करावा.

आपल्या देशात 2006 मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभं राहिलं. शेजारी नागपुरात राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे, प्रतिसाद दलाची अकादमी आहे. शिकवणारे उत्तम आहेत. मात्र प्रतिसाद दलातले जवान निमलष्करी दलांतून प्रतिनियुक्तीवर येतात आणि मुदत संपली की परत जातात. ढिगाऱ्याखालचा क्षीण आवाज ओळखणारा कान तयार व्हायला वर्षं लागतात. आणि तो तयार झाला की आपण त्या माणसाला पुन्हा सीमेवर किंवा बंदोबस्ताला पाठवतो. हे मला चुकीचं वाटतं. बचाव हा आयुष्यभराचा पेशा झाला पाहिजे. त्यात बढती हवी, विमा हवा आणि उतारवयात शिकवण्याची जागा हवी.

आणि आपला जिल्हा? आपल्या वर्धा नदीने 30 जुलै 1991 रोजी वरच्या अंगाला मोवाडमध्ये दोनशेहून अधिक माणसं नेली. पूर आला की पथक पोहोचेपर्यंतचे पहिले काही तास गावाचेच असतात. त्या वेळी पोलीस पाटील धावतो तो ढिवर-भोयांच्या वस्तीकडे. भोवरा कुठे फिरतो, बाभळी कुठे बुडाल्या आहेत, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. त्यांना आपण हाक मारतो, शाल देतो आणि विसरतो. त्यांना जीवरक्षक जाकीट, दोरांचं शिक्षण, प्रथमोपचार आणि मानधन मिळायला हवं. आपदा मित्र योजनेतलं बारा दिवसांचं प्रशिक्षण ही चांगली सुरुवात आहे, पण दरवर्षी उजळणी झाली नाही तर हात गाठी विसरतात.

वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याने पावसाळ्याआधी दहा नावं द्यावीत. सगळ्यात जोरात पोहणाऱ्यांची नकोत, काठावर थांबून विचार करू शकणाऱ्यांची द्या. त्यांना शिकवायला मी येईन, आणि इथे बसलेल्या प्रत्येक प्रशिक्षकाने माझ्याबरोबर यावं, ही माझी विनंती आहे.