मेंदूची तसबीर आणि घराची नजर
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी भाषेचा शिक्षक आहे, डॉक्टर नाही. तरीही आज कंपवाताविषयी बोलणार आहे. कारण हा आजार प्रथम दिसतो तो दवाखान्यात नव्हे, घरात. नानांचा हात थरथरू लागला की आपण म्हणतो, "वय झाले, चालायचेच." आणि या एका वाक्यावर वर्षे निघून जातात.

लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन केले, म्हणून त्याला पार्किन्सनचा आजार म्हणतात. मेंदूच्या खोल भागात काळसर पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. त्या पेशी डोपामीन नावाचे रसायन तयार करतात व त्यामुळे आपल्या हालचाली सुरळीत होतात. या पेशी हळूहळू मरतात. हात थरथरू लागतो तोवर डोपामीन पोहोचविणारे सुमारे निम्मे किंवा अधिक तंतू गेलेले असतात.

मग हे आधी कळेल काय? नेहमीच्या एमआरआयमध्ये बहुधा काहीच दिसत नाही; तो मुख्यतः इतर आजार नाहीत ना, हे पाहण्यासाठी असतो. शक्तिशाली एमआरआयमध्ये निरोगी माणसाच्या त्या काळ्या पट्ट्यात दुभंगलेल्या शेपटीसारखी खूण दिसते आणि कंपवातात ती पुसली जाते, असे २०१४ साली इंग्लंडमधील संशोधकांनी दाखविले. दुसरी तपासणी 'ट्रोडॅट'ची. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेल्या या औषधाने माणसाच्या मेंदूची चित्रे १९९६ साली प्रसिद्ध झाली. टेक्नेशियम या किरणोत्सर्गी द्रव्याची अल्पशी मात्रा जोडून हे औषध शिरेतून देतात. ते डोपामीनच्या तंतूंना जाऊन चिकटते. काही तासांनी कॅमेरा डोक्याभोवती फिरून चित्र घेतो. निरोगी मेंदूत दोन ठळक स्वल्पविराम दिसतात. कंपवातात त्यांची शेपटी झिजून पूर्णविराम उरतो, आणि बहुधा एका बाजूला आधी. टेक्नेशियमचा किरणोत्सर्ग दर सहा तासांनी निम्मा होतो, म्हणून उगाच भिण्याचे कारण नाही.

मात्र या तसबिरीची मर्यादाही जाणून घ्यावी. पेला उचलताना हात कापणे हा पुष्कळदा वेगळाच विकार असतो. चक्कर, उलटी किंवा मानसिक आजारावरील काही गोळ्यांनीही कंपवातासारखी लक्षणे येतात. अशा वेळी चित्र सहसा निरोगी येते व चुकीचे उपचार टळतात. पण कंपवातासारखेच दिसणारे इतर काही मेंदूविकार या चित्रावरून वेगळे ओळखता येत नाहीत. शिवाय आजार थांबविणारे सिद्ध औषध अजून हाती नाही. म्हणून निरोगी माणसाने हौसेने स्कॅन करून घेण्यात अर्थ नाही. तसबीर उत्तर देते, पण प्रश्न घरातून यावा लागतो.

याचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. डॉ. भरुचा व सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींत घरोघर पाहणी केली. १४,०१० लोकांत कंपवाताचे ४६ रुग्ण आढळले, म्हणजे लाखामागे ३२८. हा अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. त्या छोट्याशा समाजाने दार उघडले, विचारलेल्याची उत्तरे दिली, म्हणून हे ज्ञान साऱ्या जगाला मिळाले. आजार लपविण्यात प्रतिष्ठा नसते, हा धडा आपणही घ्यावा.

मग घरात काय पाहावे? चालताना एक हात हलेनासा होणे, अक्षर बारीक होत जाणे, आवाज क्षीण होणे, सुगंध न कळणे, झोपेत ओरडणे वा लाथा झाडणे, दीर्घकाळ बद्धकोष्ठ. यातील काही खुणा थरथरीच्या कित्येक वर्षे आधी येतात. एकट्यादुकट्या खुणेने घाबरू नये. पण दोन-तीन एकत्र दिसल्या तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावे. चालू असलेल्या सर्व गोळ्या सोबत न्याव्यात, मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. वेळेवर निदान झाले तर औषधाने हालचाल सुधारते, व्यायामाला लवकर लागता येते, पडणे टाळता येते. कुटुंबांच्या मदतीसाठी मुंबईत २००१ साली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी ही संस्था स्थापन झाली आहे. आणि पालकहो, घरात रुग्ण आहे म्हणून मुलीची शाळा सोडवू नका. सेवा सर्वांनी वाटून घ्यावी.

विद्यार्थी मित्रांनो, टेक्नेशियमवर चालणाऱ्या अनेक तपासण्यांची औषधे आपल्या वाशीतच, 'ब्रिट' या अणुऊर्जा खात्याच्या संस्थेत तयार होऊन देशभरातील रुग्णालयांत जातात. म्हणजे मेंदू पाहण्याच्या या विद्येचा एक धागा आपल्या दारावरून जातो. त्यासाठी केवळ डॉक्टर नव्हे, भौतिक व रसायनशास्त्र शिकलेली माणसेही लागतात. ती माणसे आपल्या शाळेच्या बाकांवरून का निघू नयेत?

तोवर एक काम आज रात्रीपासून करता येईल. घरातल्या वृद्धांजवळ दहा मिनिटे बसा आणि त्यांना नीट पाहा.