फाईल बंद, हापसा चालू
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिलाय 'पाणी आणि बायकांचं आरोग्य'. मी बोलणार आहे एका पेट्रोल पंपाबद्दल, आणि तोही बंद पडलेल्या.

आमच्या तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडमागे हा पंप होता. मालकाने धंदा गुंडाळला, जमिनीतल्या टाक्या काढून नेल्या, खड्ड्यावर मुरूम ओतला. आता तिथे दुकानांचे गाळे व्हायचे आहेत. पंपामागच्या उतारावर आमची वस्ती, आणि वस्तीत एक हापसा. त्याच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येतो हे आधी बायकांना कळलं, भात शिजवताना. घरातले पुरुष दोन महिने म्हणत होते, "हंडा नीट घासत जा."

तक्रार केली. साहेब आले, पंपाच्या आवारात खड्डा घेऊन मातीचा एक नमुना घेऊन गेले. मे महिना होता. हापशाचं पाणी घेतलंच नाही. पुढे चौकशीला गेले तर म्हणाले, "ताई, ते प्रकरण निकाली निघालं. टाक्या काढल्या ना!"

अहो, टाकी म्हणजे भांडं. भांडं उचललं म्हणून सांडलेलं पुसलं जातं का? पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. ते मातीतून झिरपत भूजलापर्यंत जातं आणि त्यावर तरंगतं. त्यातले बेंझीनसारखे घटक पाण्यात विरघळून पुढे वाहत जातात. आपल्याकडे खाली काळा पाषाण. त्यातलं पाणी भेगाभेगांतून वाट काढतं. म्हणून पंपाला लागून असलेली विहीर चांगली आणि दोनशे पावलांवरचा हापसा नासलेला, असंही होतं. शिवाय पावसाळ्यात पाण्याची पातळी चढते, उन्हाळ्यात उतरते, तिच्याबरोबर तेलही वरखाली होत मातीला चिकटत राहतं. मे महिन्यातल्या एका नमुन्यावर फाईल बंद करणं म्हणजे उन्हाळ्यात छप्पर बघून 'गळत नाही' असं लिहून देणं.

मग आमच्यातल्याच काही जणी म्हणू लागल्या, हल्ली वास कमी झालाय, जाऊ द्या. हे नीट ऐका. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेंझीनची मर्यादा सांगितली आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. पाण्यातल्या बेंझीनचा वास नाकाला येतो तो साधारण १० मिलिग्रॅमला, म्हणजे हजारपटीला. आपल्याला जो वास येतो तो बराचसा पेट्रोलमधल्या इतर घटकांचा. तेव्हा वास आला तर तक्रार खरीच, पण वास गेला म्हणून पाणी सुधारलं असं होत नाही. बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे.

आम्हाला सल्ला मिळाला, पाणी उकळून प्या. उकळल्याने जंतू मरतात. बेंझीन ८० अंशांनाच उकळतं, ते पाण्यातून निघून हवेत जातं. कुठल्या हवेत? आमच्या बिनखिडकीच्या स्वयंपाकघरातल्या. आणि तिथे दिवसभर कोण असतं, हे या शिबिरात सांगायला नको.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत सांता मोनिका शहराला १९९६ मध्ये विहिरी बंद कराव्या लागल्या, जवळजवळ निम्मं पाणी गेलं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं एमटीबीई नावाचं रसायन गळक्या टाक्या आणि नळ्यांतून भूजलात उतरलं होतं. पण त्याच कॅलिफोर्नियात २०१२ पासून असं धोरण आहे की, अशा जागेची फाईल बंद करण्याआधी त्या जागेतल्या आणि लगतच्या मालकांना, तसंच तिथे राहणाऱ्यांना कळवायचं आणि मत मांडायला ६० दिवस द्यायचे. राहणाऱ्यांना, हं! सातबाऱ्यावर नाव असो नसो. आमच्या वस्तीत बहुतेक जणी भाडेकरू. कुणालाही कागद आला नाही. मालकांना आला असता तरी तो त्यांच्या खिशातच राहिला असता.

आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये धोकादायक रसायनांनी प्रदूषित झालेल्या जागांसाठी केंद्राचे नियम आले. नगरपालिकेने किंवा जिल्हा प्रशासनाने, लोकांच्या तक्रारीवरूनही, संशयित जागांची यादी करायची आणि राज्याच्या प्रदूषण मंडळाला द्यायची. मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करायचा. हे वाचून आम्ही पुन्हा अर्ज केला. पाण्याचे नमुने आवारातून नव्हे, हापशातून आणि उताराखालच्या विहिरींतून घ्या. श्रावणात घ्या आणि वैशाखात घ्या. टाक्या काढताना खालच्या मातीचं काय केलं, कुठे टाकली, त्याचा कागद दाखवा. हे होईपर्यंत गाळ्यांना परवानगी देऊ नका, कारण एकदा वर सिमेंट पडलं की खाली कोण उकरणार?

अर्जावर फक्त बायकांच्या सह्या आहेत. नवऱ्यांनी केल्या असत्या, पण त्यातले काही जण गाळ्यांच्या बांधकामावर कामाला लागणार आहेत. त्यांच्यावर रागावून काय करू? रोजगार हवाच आहे. घरात याच्यावरून भांडणं झाली, एकीने सही परत मागितली, आम्ही ती खोडून दिली.

पोच शिक्क्यासकट घेतलेली आहे. उत्तर नाही. दरम्यान आम्ही हापशाला लाल रंग फासला, पोरं तोंड लावू नयेत म्हणून. आता सगळ्याजणी स्टँडच्या नळावरून पाणी वाहून आणतो. नमुना घ्यायला अजून कुणी आलेलं नाही. एक माणूस मात्र चौथ्या दिवशीच आला, सरकारी हापशाला रंग कोणी लावला हे विचारायला.